दुसरं वाचन

रक्त तपासणाऱ्या यंत्रांच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. तिथे चार टेबलं, चार संगणक आणि आठ माणसं. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठ्या या खोलीत यायच्या आणि त्यांवरचे आकडे रुग्णालयाच्या संकेतस्थळावर ज्याच्या त्याच्या नावापुढे चढवले जायचे. काम जोडीने करायचं असे. एकीने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसरीने आकडा भरायचा. पान भरलं की उलटा प्रकार. जिने भरलं तिने पडद्यावरून आकडे वाचून दाखवायचे आणि जिच्या हातात चिठ्ठ्या तिने प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण करायची. याला दुसरं वाचन म्हणत. त्यावर दोघींच्या सह्या झाल्या की अहवाल वॉर्डात जाई. एकीची चूक दुसरीला सापडावी, एवढ्यासाठी केलेला हा नियम होता आणि चांगला होता.

खिडकीकडच्या टेबलावर एकवीस वर्षं आकडे भरणाऱ्या बाईला सगळे पाठांतरबाई म्हणत. गेल्या मंगळवारी तिसऱ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याची साखर किती होती असं कुणी सहज विचारलं, तर ती मान तिरकी करून आकडा सांगे आणि तो बरोबर निघे. मान तिरकी करायची तिची सवयच होती. लोक म्हणायचे, बाईला जरा शिष्टपणा आहे, समोरच्याकडे सरळ म्हणून बघायची नाही.

खरी गोष्ट अशी की सरळ बघितलं तर तिला काही दिसत नसे. सात वर्षांपूर्वी वाचताना शब्दाच्या मधोमध एक करडा डाग यायला लागला. मग माणसांच्या चेहऱ्यांवर यायला लागला. कान दिसायचे, केस दिसायचे, मधलं नाक-डोळे पुसलेले. ती गुपचूप लांबच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, मधली नजर हळूहळू जाईल, कडेची राहील, यावर औषध नाही. तिने फाइल त्यांच्याच दारातल्या कचरापेटीत टाकली आणि घरी आली.

सांगायचं कुणाला? घरी सांगायची सोय नव्हती. ती थोरल्या भावाच्या घरी राहायची. लग्न झालं नव्हतं. तिची आईही शेवटची नऊ वर्षं अशीच आंधळी होऊन मागच्या खोलीत बसून होती. संध्याकाळी वहिनी त्या खोलीतला दिवा बंद करून जायची. आई म्हणायची, "अगं, राहू दे ना दिवा." वहिनी म्हणायची, "तुम्हाला काय उजेडाचं लोणचं घालायचंय?" भिंतीपलीकडे बसून हिने हे नऊ वर्षं ऐकलं आणि एकदाही उठून दिवा लावला नाही. आई गेल्यावर ती खोली हिला मिळाली. नोकरी होती तोवर ती खोली तिची होती. वहिनी तिला "वन्सं, आज उशीर होणार का?" असं अदबीने विचारायची. नोकरी गेली की त्याच खोलीत आईच्या जागी बसायचं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

ऑफिसात सांगायचं तर तेही तिने पाहिलं होतं. पूर्वी या खोलीत एक म्हातारे कारकून होते. त्यांचे कान गेले. झालं, सगळ्यांना खेळच सापडला. त्यांच्यासमोर उभं राहून आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. म्हातारे गडबडून "काय? मोठ्याने बोला!" असं ओरडायचे आणि मग सगळ्यांनी एकदम कानावर हात ठेवून म्हणायचं, "अहो, ओरडता कशाला?" सहा महिन्यांत म्हाताऱ्यांनी आपणहून राजीनामा दिला. ओठ हलवणाऱ्यांत हीसुद्धा होती. उलट तिचे ओठ सगळ्यांत छान हलायचे.

म्हणून तिने झाकून ठेवलं. दरवर्षीच्या तपासणीत डोळ्यांचा तक्ता वाचावा लागे. तो वीस वर्षं त्याच भिंतीवर होता, त्यामुळे तो तिला पाठच होता. आणि रोजच्या कामासाठी भाचीने एक तोड काढून दिली. भाची शिकायला परगावी जायच्या आधी एकदा ऑफिसात आली होती. "आत्या, डोळे दुखतात म्हणतेस ना, थांब," असं म्हणून तिने ब्राउझरला एक छोटं अ‍ॅड-ऑन जोडून दिलं. त्याने पान काळं व्हायचं, अक्षरं पिवळी आणि अंगठ्याएवढी व्हायची आणि पडद्यावर एका वेळी एकच रुग्ण यायचा. मान तिरकी केली की पिवळा आकडा डोळ्याच्या कडेत स्वच्छ उतरायचा. त्या आधारावर तिने पाच वर्षं काढली. एक चूक नाही.

रुग्णालयाचे संगणक बघणाऱ्या माणसाला सगळे कुलूपभाऊ म्हणायचे. त्याच्या प्रत्येक बोलण्याचा शेवट कुलपावर व्हायचा म्हणून. ब्राउझरची नवी आवृत्ती आली, ती सगळीकडे चढवायची, असं त्याने जाहीर केलं. जुनी अ‍ॅड-ऑन नव्या आवृत्तीत चालणार नव्हती. पाठांतरबाईने त्याला चहा पाजून मुदत मागून घेतली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. तिसऱ्या मुदतीत दुसऱ्या एका रुग्णालयाचे सगळे संगणक एका दिवसात गोठले. कुणीतरी जुन्या ब्राउझरच्या फटीतून आत शिरलं होतं. आपल्याकडच्या प्रमुख डॉक्टरांनी लेखी हुकूम काढला की महिनाअखेर एकही जुना ब्राउझर दिसता कामा नये.

कुलूपभाऊ तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "पाठांतरबाई, आता तुमचीच बारी."

"माझं एक राहू दे ना, भाऊ. एका संगणकाने काय होतंय?"

"सगळ्या दारांना कुलपं लावायची आणि एक खिडकी सताड उघडी ठेवायची? चोर काय दारातूनच येतो का? आणि तुमचं हे काळं-पिवळं जे आहे ना, ते ज्याने बनवलं त्याचा पाच वर्षांत पत्ता नाही. तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान त्याला दिसतं. उद्या कुणी भामट्याने ते विकत घेतलं, तर तुमच्या पडद्यावरचा प्रत्येक रुग्ण त्याच्या हातात. तुम्हाला चालेल?"

"मला त्याची सवय झाली आहे हो. सोयीचं पडतं."

"सोय सगळ्यांनाच हवी असते. कुलूप लावणं गैरसोयीचंच असतं, म्हणून काय दार उघडं टाकतात?" मग तो जरा खाली वाकला. पोरगा वाईट नव्हता. "बाई, गरज असेल तर तसं सांगा. गरजेचा अर्ज वेगळा असतो, त्याची व्यवस्था करता येते. नुसत्या सोयीला मला काही करता येत नाही."

शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले होते. सगळे ऐकत होते. तिने मान तिरकी केली आणि हसून म्हणाली, "गरज कसली डोंबलाची! चढवा तुमची आवृत्ती."

त्याने चढवली. दहा मिनिटांत पान पांढरं झालं. त्यावर बारा-बारा रुग्णांच्या ओळी, मुंग्यांची रांग लागावी तशा. मधोमध करडा डाग.

तिने हार मानली नाही. बोटांना कळा पाठ होत्या. पान उघडलं की इतक्या वेळा कळ दाबली म्हणजे पहिला रुग्ण, आणखी इतक्या वेळा म्हणजे त्याचं पोटॅशियम, हे तिने दोन दिवसांत मोजून ठेवलं. चिठ्ठ्या यायच्या त्याच क्रमाने पडद्यावर नावं असायची. जोडीदारीण वाचायची, ही कळा मोजत भरत जायची. राहिलं दुसरं वाचन. तेही तिने निभावलं. पडद्याकडे तोंड करून, मान तिरकी करून, बारा रुग्णांचे आकडे ती घडाघडा म्हणून दाखवायची. ते पडद्यावरचे नसायचे. जोडीदारणीने पाच मिनिटांपूर्वी जे वाचलं, तेच ती परत म्हणायची. चिठ्ठीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघितला, तर तो जुळणारच. बरोबरच्या खुणा पडत गेल्या. दोघींच्या सह्या होत गेल्या. पडद्यावर काय भरलं गेलं, ते मात्र आता कुणीच बघत नव्हतं.

जोडीदारीण तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलायला चुरचुरीत. दोघी अठरा वर्षं एका टेबलावर होत्या. तिच्या लक्षात यायला आठ दिवस लागले. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने हाताची पाच बोटं पाठांतरबाईच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "किती?"

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही गं. सांग ना, किती?"

पाठांतरबाईने डबा बंद केला. तिच्या हातातून झाकण निसटलं आणि टेबलाखाली गेलं. जोडीदारणीने ते उचलून दिलं आणि तिच्या कानाशी लागली, "घाबरू नकोस. मी काय कुणाला सांगतेय? एवढ्या वर्षांची आपली जोडी."

तिने खरंच कुणाला सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून रविवारची पाळी पाठांतरबाईची झाली. दोघींच्या पाळ्या होत्या, पण जोडीदारीण म्हणायची, "माझ्याच्याने होत नाही गं, तू ये ना माझ्याऐवजी. तुला घरी तरी कोण आहे?" सकाळी यायला उशीर झाला की पाठांतरबाईनेच सांभाळून घ्यायचं. जिन्यावरून चिठ्ठ्यांचे गठ्ठे तिनेच आणायचे. आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी जोडीदारणीचे डोळे मोबाइलमध्ये असत. खुणा ती वाचन सुरू व्हायच्या आधीच करून ठेवायची. "तुझं कधी चुकतं का?" असं म्हणायची आणि हसायची.

एकदा पाठांतरबाई म्हणाली, "अगं, तू तरी एकदा पडद्यावर नजर टाकत जा. मला धास्ती वाटते."

"धास्ती वाटते तर जा ना कुलूपभाऊकडे. सांग त्याला, मला दिसत नाही म्हणून." मग जरा थांबून, "जातेस?"

ती गेली नाही.

सहा आठवडे निभावलं. सातव्या आठवड्यात एका सकाळी तातडीच्या विभागातून एक नमुना उशिरा आला. नव्या आवृत्तीबरोबर संकेतस्थळाची मांडणीही जराशी बदलली होती. तातडीचा रुग्ण आता आपोआप यादीच्या वर जाऊन बसत असे. त्याची चिठ्ठी मात्र गठ्ठ्यात सगळ्यात खाली होती. जोडीदारणीने पहिली चिठ्ठी वाचली, पाठांतरबाईने कळा मोजून पहिल्या ओळीत भरली. दुसरी दुसऱ्या ओळीत. असे आठ जणांचे अहवाल एकेक ओळ वर सरकले आणि तातडीच्या रुग्णाचा सगळ्यात खाली गेला. प्रत्येकाला शेजाऱ्याचं रक्त मिळालं.

मग दुसरं वाचन झालं. नऊच्या नऊ आकडे अचूक म्हटले गेले. नऊ खुणा, दोन सह्या.

माणसाचं रक्त बरंचसं सारखं असतं. सात जणांना काही फरक पडला नाही. आठव्या बाईच्या नावापुढे पोटॅशियम सहा पॉइंट आठ आलं, म्हणजे हृदय कधीही बंद पडावं इतकं. वॉर्डात धावपळ झाली, पुन्हा रक्त घेतलं, ते उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, यंत्राची चूक दिसते. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ते सहा पॉइंट आठ कुणाचं तरी असणार, हे कुणाच्या मनात आलं नाही. ते होतं त्या तातडीच्या रुग्णाचं, शाळेच्या बसवर चालक असलेल्या एका माणसाचं. त्याच्या अहवालात चार पॉइंट दोन होतं. दुपारी त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला तो पायरीवर बसला तो उठलाच नाही. त्याच्या बायकोला वाटलं, फीत बांधतोय.

चौकशी बसली. प्रमुख डॉक्टरांच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला तिघे, एका बाजूला या दोघी. कुलूपभाऊला संगणकाची माहिती द्यायला बोलावलं होतं. तो भिंतीशी उभा होता.

प्रमुख म्हणाले, "चूक भरण्यात झाली, हे समजलं. चुका होतात. पण दुसऱ्या वाचनात ती का सापडली नाही? दोघींच्या सह्या आहेत. म्हणजे एकतर वाचन झालंच नाही, नाहीतर दोघींनी मिळून खोटं केलंय."

पाठांतरबाईने ठरवून ठेवलं होतं. निष्काळजीपणा म्हणायचा. शिक्षा होईल, बदली होईल, नोकरी राहील. डोळे म्हटलं की संपलं. ती म्हणाली, "सर, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. घाईत वाचलं. चूक माझी आहे."

"आणि यांची?" प्रमुखांनी जोडीदारणीकडे बोट केलं. "लक्ष नसलं तरी तुम्ही जे वाचलंत ते यांनी तपासलं ना? दोघींवर सारखीच कारवाई होईल."

जोडीदारणीने समोरच्या कागदांतून एक कागद काढला आणि पाठांतरबाईच्या हातात दिला. आवाज अगदी मऊ होता. "सर, मी सांगण्यापेक्षा तुम्हीच ऐका. ताई, ही त्या दिवशीची यादी. वाच ना सरांना, जशी रोज वाचतेस तशी."

ताई ती कधी म्हणत नसे. पाठांतरबाईच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण हातात कागद आला, मान तिरकी झाली आणि ओठ सुरू झाले. पहिला रुग्ण, साखर एकशे चार, पोटॅशियम चार पॉइंट दोन. दुसरा रुग्ण. तिसरा. एकही आकडा अडखळला नाही. चालकाच्या सहा पॉइंट आठपर्यंत ती आली तेव्हा तिला जाणवलं की खोलीत कुणी हलतसुद्धा नाही.

"वाच, वाच," जोडीदारीण म्हणाली. "थांबलीस का?"

टेबलापलीकडून कुणीतरी हलकेच तो कागद तिच्या हातातून घेतला. तो पार्किंगमध्ये दुचाकी कुठे लावाव्यात, याबद्दलचा सूचनेचा कागद होता.

तिघांतल्या एकाला हसू आवरलं नाही. त्याने ते खोकल्यात घातलं.

"हिला माहीत होतं," पाठांतरबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "सर, हिला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून."

"मला?" जोडीदारणीने गळ्याला हात लावला. "मला कसं कळणार, ताई? तू तर रोज इतकं छान वाचून दाखवायचीस."

प्रमुख डॉक्टर बोलले तेव्हा त्यांचा सूर एकदम सैल झाला होता. कारण पाठांतरबाईचं आंधळेपण सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं. निष्काळजीपणा म्हटला असता, तर देखरेख कुणाची, हा प्रश्न वर चढत चढत त्यांच्या खुर्चीपर्यंत आला असता. कर्मचारी आजारी होती आणि तिने आजार लपवला, म्हटलं की प्रश्न तिच्यापाशीच थांबत होता. ते म्हणाले, "वैद्यकीय कारणाने निवृत्ती. आम्हाला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, बाई. कागद उद्या तयार होईल."

बाहेर पडताना कुलूपभाऊ तिच्या मागून आला. तो चिडलेला होता, आणि कुणावर चिडावं हे त्याला कळत नव्हतं. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं. गरज आहे का म्हणून विचारलं होतं."

"हो."

"नव्या ब्राउझरमध्ये, त्या संगणकातच, सगळं आहे. काळं पान, मोठी अक्षरं, पाहिजे तो रंग. बाहेरचं काही जोडायलाच नको. एक अर्ज आणि मी करून दिलं असतं. कुलूप न काढता."

ती कठड्याला धरून उभी राहिली. "किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं," तो म्हणाला. मग त्याच्या ओठांवर आलेलं पुढचं वाक्यही त्याने गिळलं नाही. "तो बसवाला जगला असता."

दुसऱ्या दिवशी कागद तयार झाला. नियम असा होता की ज्याला वाचता येत नाही, त्याला कागद वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची. कार्यालयाने वाचायला जोडीदारणीला बसवलं. अठरा वर्षांचं नातं, बाईला बरं वाटेल, असं कुणीतरी म्हणालं होतं. जोडीदारणीने सावकाश, स्वच्छ वाचून दाखवलं. मग तिचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. "इथे. जरा खाली. हां."

पाठांतरबाईने सही केली. खोलीतल्या कुणी निरोपाचं काही केलं नाही. तिने आपला डबा, छत्री आणि खुर्चीतली उशी घेतली. जिन्यावर कुणाचा तरी खांदा लागला तेव्हा ती "माफ करा" म्हणाली आणि तो माणूस पुढे गेल्यावर वर खिदळल्याचा आवाज आला. कदाचित दुसऱ्याच कशावर हसले असतील.

आठ दिवसांनी कागदाची प्रत घरी आली. वहिनीने पाकीट फोडलं, दादाने चष्मा लावला. मधल्या खोलीत तिघं बसली होती.

"वाच," ती म्हणाली. तिला तो पाठच होता. दादा वाचत गेला, ती मनात त्याच्या पुढे पुढे जात होती. अकरा ओळी. अकरावी संपली आणि तिने मान खाली घातली. दादा थांबला नाही.

"बारा. सदर कर्मचाऱ्याने आपला दृष्टिदोष जाणूनबुजून सर्वांपासून लपवला असून सोबतच्या कर्मचाऱ्यास त्याची कोणतीही कल्पना नव्हती. कर्मचाऱ्याच्या या लपवण्यामुळेच रुग्ण दगावला, हे मला मान्य आहे."

"हे नव्हतं," ती म्हणाली.

"काय नव्हतं?"

"बारावी ओळ. अकराच होत्या. तिने अकराच वाचल्या, दादा."

दादाने कागद उजेडात धरला, उलटा करून बघितला, पुन्हा सरळ केला. "इथे तर आहे. छापलेली आहे."

"ती खोटी आहे. तिला माहीत होतं. मी सांगते ना तुला, मला शब्द न् शब्द आठवतोय."

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पाकिटात सरकवला.

"वन्सं," ती म्हणाली, आणि आवाजात अदब नव्हती, "खाली सही तुमचीच आहे ना?"

ती हो म्हणाली.